चाचणी होती तर दुधी कुठाय?

शम्मे, मालकाची कॉलर फाडली मी. बटणं तुटून टेबलाखाली गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वैशे, नुसती कॉलर? बाकीचा माणूस कुणासाठी ठेवलास?" तुझी माती होऊन आठवडासुद्धा झाला नाही. तोंडाने बोलायला गेले की माझा हात उठतोय, म्हणून लिहायला बसलेय. तुला कधी काही लिहिलं नव्हतं. गरजच काय होती? शेजारच्या खुर्चीत तर बसायचीस आणि माझ्या डब्यातली भाजी मला न विचारता खायचीस.

त्या दिवशी पुरुष तुला घेऊन गेले आणि बायका घरी थांबल्या. मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तुमी आत बसा." मी त्याला जे बोलले ते अम्मीपर्यंत पोचलं नसेल तर बरं. मला तुझ्यामागे यायचं होतं आणि कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती, दोन्ही एकदम. शेवटी अम्मीनेच मला दंडाला धरून आत ओढलं आणि माझं डोकं तिच्या मांडीवर दाबून धरलं. लेक तिची गेली होती आणि सावरत मला होती.

आतल्या बायका विचारत होत्या, शमीम कंपनीत नक्की काय करायची? "कंपूटरचं काहीतरी," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचं भागलं. माझं भागलं नाही. मला उठून सांगावंसं वाटलं की बायांनो, ही पोरगी मशीनला खोटं बोलताना पकडायची. रोज. त्याचा तिला पगार होता.

आपल्या शेडमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा कंट्रोल बनतो. प्रोग्रॅम मी लिहायचे. हात आत गेला की सेन्सरने बघायचं, प्रेस थांबवायची, आणि झालं-गेलं सगळं मशीनने आपणच लिहून ठेवायचं, तो लॉग. बाकी ठिकाणी प्रेस थांबते का तेवढं बघतात. तू लॉग बघायचीस. अपघात झाला तर हा खरं लिहील का? वीज गेली तर? मेमरी कार्ड भरलेलं असेल तर? घड्याळ मागे पडलं असेल तर? मी म्हणायचे, अगं प्रेस थांबल्याशी मतलब, लॉग काय नंतर वाचायचा. तू म्हणायचीस, "मशीन चुकलं तर माणूस मरतो वैशे. लॉग चुकला तर मेलेलाच गुन्हेगार ठरतो." मी म्हणायचे, गप जेव.

आणि काय ती तुझी पद्धत! वेल्डिंगवाल्याची पोर. जोड दिला की अब्बा त्यावर घण घालायचे, तुटायचं तर माझ्यासमोर तूट म्हणून. तू तेच उचललंस. चालू मशीनची वायर पकडीने कचकन तोडायचीस. सेन्सरवर चप्पल हाणायचीस. प्रेस खाली येत असताना मेन स्विच पाडायचीस, सगळी शेड दणाणायची, आणि मग कंप्युटरच्या पडद्यासमोर मांडी ठोकून बसायचीस आणि लॉगला पोलिसासारखी विचारायचीस, "हां, बोल आता. काय झालं?"

हाताच्या जागी दुधी. हा शोध तुझाच. बाजारातून येताना दोन दुधी आणायचीस, एक मनगटाएवढा प्रेससाठी आणि एक चांगला कोवळा हलव्यासाठी. भाजीवाली विचारायची, "कंपनीत दुधीचं काय करता गं पोरींनो?" तू सरळ चेहऱ्याने सांगायचीस, "जीव घेतो त्याचा."

मशीनला चाचणीची किल्ली होती. ती फिरवली की सेन्सर नुसता बघतो आणि लिहितो, प्रेसला थांबवत नाही. पिवळा दिवा लागतो आणि लॉगमध्ये त्या नोंदीपुढे 'चाचणी' असा शब्द आपोआप येतो. मग दुधी आत, प्रेस खाली, फचाक. पांढरा गर भिंतीपर्यंत. नोंदीत एक जागा होती, जखमी व्यक्तीचं नाव. खरा अपघात झाला तर ते कुणीतरी नंतर भरायचं. चाचणीत तिथे काय लिहिणार? तू किल्ली फिरवायच्या आधीच तिथे नाव ठोकायचीस. ज्याचा राग आला असेल त्याचं.

टँकरवाला मेला. स्टँडवर तुला मुद्दाम धक्का देऊन गेलेला तो मेला. तुला बघायला आलेला मुलगा, समोसे खाऊन वर "एवढं शिकून तेलात हात कशाला घालता" म्हणणारा, तो तर आठवडाभर रोज मेला आणि शनिवारी जास्तच मेला. मालक उठताबसता. सकाळी ऑफिसात आल्यावर चहाच्या आधी आपला प्रश्न, आज कोण? मला तुझी ही खोड फार आवडायची. दिवसभर चिडचिड आत ठेवून घरी जाण्यापेक्षा दुधी बरा.

एकदा दुधी फुटताफुटताच तू मशीन बंद करायचं लाल बटण दाबलंस आणि लॉग कोरा निघाला. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी मोटर थांबवायची, मग लिहायचं, असा क्रम होता. लाल बटणाने वीजच तोडली, मग लिहिणार कोण? तू ओरडलीस, "आधी लिही! मग काय मरायचं ते मर!" मी म्हटलं, एवढी अक्कल आहे तर तूच लिही प्रोग्रॅम. तू माझ्या हातातला माऊस हिसकून भिंतीवर फोडलास. मी तुझ्या दंडाला असा चिमटा काढला की निळा डाग राहिला, आणि अम्मीला तू सांगितलंस दार लागलं. मग मी क्रम बदलला. सेन्सरला काही दिसलं की आधी नोंद, मग बाकी सगळं. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत नोंद बरोब्बर आली. नाव होतं वैशी.

आपलं शेवटचं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, नाव भरल्याशिवाय नोंद होऊच नये, सक्ती करून टाकू. कारखान्यातले लोक आळशी, जागा रिकामी सोडतात, मग अहवाल घाणेरडा दिसतो. तू म्हणालीस, "आणि ज्याचा हात आत अडकलाय तो काय नाव टाइप करत बसेल का गं? तुझी नोंद तिथंच अडकून पडेल. रिकामं राहू दे. रिकामं पण काहीतरी सांगतं." मी म्हटलं, रिकाम्याला काय तोंड असतं का? तू म्हणालीस, तुझ्यापेक्षा बरं असतं. त्यावरून पेटलं. मी तुला नको ते बोलले, तू मला त्याहून नको ते बोललीस. मग तू खाली गेलीस, वरपर्यंत फचाक ऐकू आलं, आणि मला कळलं की मी मेले. घरी जाताना दुसरा दुधी, हलव्याचा, माझ्या टेबलावर ठेवलास आणि गेलीस. मला कळलं होतं शम्मे तो काय होता ते. मी मुद्दाम तसाच राहू दिला. म्हटलं, उद्या आधी तिने बोलावं.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं गिऱ्हाईक येणार होतं. मालकाने नारळ आणला, प्रेसला कुंकू लावलं, आणि झेंडूचा हा भलाथोरला हार आणून प्रेसच्या कपाळावर टांगला. कपाळावर म्हणजे तिथेच, पिवळ्या दिव्यावर. शेडमध्ये धूळ होती आणि धुळीने सेन्सर उगाचच प्रेस थांबवत होता. गिऱ्हाईक हसलं. थोड्या वेळाने मी वरून ऐकलं, प्रेस एकदम न थांबता चालायला लागली, धाड, धाड, धाड. मला वाटलं धूळ पुसली कुणीतरी. मालक गिऱ्हाइकाला घेऊन चहाला केबिनमध्ये गेला, मशीन तसंच चालू सोडून. तू कँटीनमधून येत होतीस. मालक दारातून म्हणाला, "शमीम, सेन्सरची धूळ पुसून घे बरं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

तू पुसायला गेलीस. हात आत गेला तर प्रेस थांबते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तूच ते इतक्यांदा तपासलं होतंस. पिवळा दिवा लागलेला असता तर तू चार हात लांब राहिली असतीस. पण दिव्यासमोर झेंडू होता, आणि झेंडूही पिवळाच.

दुधी फुटल्याचा आवाज मला पाठ होता. हा तो नव्हता. मी जिन्यावरून पडत खाली आले आणि लाल बटणावर मुठी मारत राहिले, प्रेस केव्हाच थांबली होती तरी मारत राहिले. तुझा हात, खांदा आणि... नाही, ते मी लिहिणार नाही. तेवढं मी तुझ्यासाठीसुद्धा लिहिणार नाही. माझ्या कुडत्यावरचं धुतलं नाही मी. आई म्हणाली जाळून टाक. तिला म्हटलं, हात तर लावून बघ.

पोलीस आले, पंचनामा सुरू झाला आणि मालकाने घाम पुसत सांगितलं, "चाचणी चालू होती, साहेब. तिचं रोजचंच. नको म्हटलं तरी ऐकायची नाही." मी किंचाळले, "चाचणी होती तर दुधी कुठाय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. "दुधी कुठाय? दाखवा मला दुधी! कुठं सांडलाय गर?" हवालदाराने मला बाहेर नेऊन पाणी दिलं. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. प्रेसला दोरी बांधून ते निघून गेले.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. समोर लॉगचा कागद. तुझी नोंद होती त्यात, शम्मे. लाल बटण दाबलं, वीज तुटली, तरी नोंद होती, कारण तू माऊस फोडला होतास. आधी 'चाचणी', मग सेन्सरने हात पाहिला ती वेळ, मग प्रेस खाली. नावाची जागा रिकामी. तू किल्ली फिरवली असतीस तर आधी नाव ठोकलं असतंस; ही त्यानेच फिरवली होती, धुळीतही प्रेस न थांबता चालावी म्हणून.

"वैशाली, तुम्ही समजूतदार आहात," मालक म्हणाला. "चाचणी असं मशीनच लिहितंय, त्यात आपण काय करणार? फक्त एवढी जागा रिकामी राहिलीय. कारखाना निरीक्षक येतील, उगाच विचारतील. तुम्हाला तुमच्या टेबलावरून लॉगमध्ये जाता येतं. टाका एखादं नाव. तिची सवय होतीच. माझंच टाका हवं तर."

हसला गं तो. माझंच टाका म्हणून हसला. मग मी टेबलावरून वाकून त्याची कॉलर धरली आणि डोकं मागच्या कपाटावर आपटलं. एकदाच. दुसऱ्यांदा आपटायच्या आत कॉलरच हातात आली. त्याने ओरडाआरडा केला नाही. श्वास घेऊन हळू म्हणाला, "मग आधीच्या नोंदी पण काढू सगळ्या. कुणाकुणाला मशीनखाली घालायची तुमची मैत्रीण, ते वाचू दे निरीक्षकाला. तिच्या आईलाही दाखवू. बघू दे, मुलगी किती गुणाची होती."

आता मी घाबरले. नोकरीला नाही घाबरले. तुझ्या नावाला घाबरले. बाहेरच्या माणसाला ते कसं दिसणार? वेडी पोरगी, माणसं चिरडायची मनात, एक दिवस स्वतःच गेली. तुझ्यावर ढकलायला त्यांना एवढंही पुरलं असतं. आणि अम्मी? तिच्यासमोर तो कागद दुसऱ्याने टाकण्यापेक्षा मी टाकावा म्हणून मीच घेऊन गेले.

अम्मी चुलीपाशी बसली होती, चूल न पेटवता. मी सगळं सांगितलं. दुधी, किल्ली, नावं. म्हणाली, "वाच." मी वाचत गेले. टँकरवाला, स्टँडवरचा, समोसेवाला, मालक, मालक, वैशी, मालक, परत वैशी. अम्मी ऐकत होती. मग म्हणाली, "माझं नाव हाय का?"

मी कागद खाली केला. "आहे. एकदाच."

"कवा?"

"तो मुलगा बघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

अम्मी हसली. शम्मे, शपथेवर सांगते, अम्मी खदखदून हसली. "कार्टीनं आईला घातलं मशीनमधी! मी तरी म्हनते दुसऱ्या दिशी एवढा गोड हलवा कसा केला हिनं!" मग हसता हसता तिने जमिनीवर हात आपटायला सुरुवात केली आणि आपटतच राहिली, बांगड्या फुटल्या, मनगटाला काच लागली, मी धरायला गेले तर मलाही दोन बसल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "समदं दाखव त्याला. माझं नाव बी दाखव. एक अक्षर लपवू नको. माझ्या पोरीनं लपवाछपवी केली न्हाई कवा."

काल निरीक्षक आले. वयस्कर, बारीक आवाजाचे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. मालकाने नवा शर्ट घातला होता. त्याने कागद पुढे केला आणि तेच सांगितलं, चाचणी, तिचीच सवय, तिचीच चूक. निरीक्षकांनी मला विचारलं, "ती चाचणी कशी करायची, दाखवता येईल?"

दोरी सोडली. दुधी बाजारातून आणायला लागला नाही. तू ठेवलेला टेबलावर होताच, जरा सुकलेला. हलव्याचा दुधी मी प्रेसमध्ये ठेवला शम्मे. मला माफ कर, तो खायचा होता. आधी पडद्यावर नाव टाइप केलं, त्यांना दाखवत, हे असं, किल्लीच्याही आधी. वैशी. मालकाला वाटलं होतं त्याचं टाकीन. मग किल्ली फिरवली.

"पिवळा दिवा लागतो म्हणालात," निरीक्षक म्हणाले. "कुठाय?"

"हाराच्या मागे."

ते प्रेसजवळ गेले आणि सुकलेला झेंडू पेनाने बाजूला केला. दिवा जळत होता. त्यांनी विचारलं हार कुणी घातला, आणि मालक म्हणाला, पूजा होती. मग सगळ्यांना मागे उभं करून मी प्रेस सोडली. फचाक. मी पडद्याचा कोपरा धरून उभी राहिले.

लॉग उघडला. वरपासून खालपर्यंत त्यांनी सगळ्या चाचण्या वाचल्या, बोट फिरवत. प्रत्येकीत नाव. मालक मधेच म्हणाला, "बघा साहेब, काय मनोवृत्ती आहे, सगळ्यांना मारायला निघालेली मुलगी." निरीक्षकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बोट तुझ्या नोंदीवर थांबलं. तिच्या वरच्या ओळीत वैशी, तू आदल्या दिवशी टाकलेलं. तिच्या खालच्या ओळीत वैशी, मी आत्ता टाकलेलं. मधे तुझी ओळ, आणि नावाच्या जागी काही नाही.

तू जिंकलीस गं. मी सक्ती केली असती तर ही ओळच नसती. आणि मला हे तुला सांगता येत नाही, म्हणून मला आत्ता काहीतरी फोडावंसं वाटतंय.

निरीक्षकांनी चष्मा काढला. "ही वैशी कोण? हिला बराच मार पडलेला दिसतो."

"मी."

"तुम्ही तर इथे उभ्या आहात."

"साहेब," मी म्हटलं. "टँकरवाला अजून पाणी टाकतोय. हे मालक तुमच्यासमोर उभे आहेत. तिची आई घरी आहे. तिने ज्यांची ज्यांची नावं टाकली ती सगळी माणसं जिवंत आहेत. रिकाम्या जागेतली तेवढी मेली."